शेजारी घरफोडी झालीय, पंच म्हणून सही करू का?

डोंबिवलीकर_निशांत:
मंडळी जरा सल्ला हवाय. शेजारचे काका गावाला गेलेत आणि काल रात्री त्यांच्याकडे घरफोडी झाली, चोराने किचनच्या खिडकीची काच फोडली आणि बेडरूममधलं गोदरेजचं कपाट उचकटलंय. सकाळपासून पोलीस, ठसेवाले, श्वानपथक सगळे येऊन गेले, कुत्रं रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन तिथेच घुटमळलं. फुटक्या काचेवर थोडं रक्त होतं, ते फॉरेन्सिकच्या मॅडमनी कापसाच्या काडीवर घेतलं आणि चक्क कागदी पाकिटात घातलं, निदान झिपवाली पिशवी तरी असेल असं वाटलं होतं. आता पीएसआय साहेब म्हणतायत तुम्ही आणि सोसायटीचे सेक्रेटरी पंच व्हा. बायको म्हणते जन्मभर कोर्टाच्या फेऱ्या मारशील. काय करू?

बिनधास्त_बंड्या:
अजिबात नको भावा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही. बाहेरगावी चाललोय सांग आणि मोकळा हो.

माजी_जमादार:
बंड्याभाऊ, सल्ला द्यायला काय जातंय. पोलिसांनी झडतीसाठी लेखी आदेश देऊन पंच म्हणून बोलावलं आणि योग्य कारण नसताना नकार दिला तर तो पण गुन्हाच आहे. आणि सगळे असे पळतात म्हणून तर ठाण्यासमोरचा चहावाला प्रत्येक केसमध्ये पंच निघतो आणि कोर्टात वकील त्याचीच सालं काढतो.
निशांत, खुशाल हो पंच, पण डोळे मिटून सही करू नकोस. पंचनामा पूर्ण वाच. रक्त कुठल्या खिडकीच्या कुठल्या काचेवर होतं, पकडीचे व्रण कपाटाच्या कुठल्या दारावर, काचा आत पडल्यात की बाहेर, हे तू बघितलंस तसंच लिहिलंय ना ते बघ. काचा आत की बाहेर याला फार महत्त्व असतं, आतून फोडून चोरीचा बनाव केलेल्या केसेस आम्ही ढिगाने बघितल्यात. पाकिटावरच्या लेबलवर सही तिथेच जागेवर कर, लाखेचं सील पण तुझ्यासमोरच लागू दे. "सह्या नंतर ठाण्यात येऊन करा" म्हणाले तर नम्रपणे नाही म्हण. नवीन कायदा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 1 जुलै 2024 पासून लागू झालाय, त्यात झडती जप्तीचं व्हिडिओ शूटिंग पण करायचं असतं, त्यामुळे तू फ्रेममध्ये दिसलास तर उलट चांगलंच.

लॅबवाली_ताई:
कागदी पाकिटाचं सांगते, कारण हे सगळ्यांनाच उलटं वाटतं. रक्त ओलं असताना प्लॅस्टिकमध्ये बंद केलं की आत दमट होतं, बुरशी आणि बॅक्टेरिया वाढतात आणि डीएनए सडतो. म्हणून आधी सावलीत वाळवायचं, उन्हात नाही, पंख्याच्या झोतात नाही, आणि मग कागदात ठेवायचं. मॅडमनी तिथल्याच स्वच्छ काचेवरून दुसरी एक काडी फिरवली असेल बघ, ती कंट्रोल, म्हणजे काचेचं स्वतःचं काही त्यात आलंय का ते कळतं. आमच्याकडे पार्सल आलं की उघडायच्या आधी पहिलं काम म्हणजे सील शाबूत आहे का आणि सोबत पाठवलेल्या सीलच्या नमुन्याशी जुळतंय का बघणं, सीए रिपोर्टमध्ये (म्हणजे लॅबच्या तपासणी अहवालात) ते वाक्य असतंच. सगळं चकाचक गोळा करायचं आणि मग पार्सल मुद्देमालाच्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहायचं, याचा मला खरंच राग येतो. सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये तामिळनाडूच्या एका केसमध्ये सांगितलंय की डीएनएचे नमुने 48 तासांत लॅबला पोचले पाहिजेत, आणि उशीर झाला तर का झाला ते लिहून ठेवायचं. तेव्हा पीएसआयला सहज विचारून ठेव कधी पाठवताय म्हणून.

अ‍ॅडव्होकेट_मावशी:
मी आरोपीच्या बाजूने उभी राहते त्यामुळे माझं ऐक :) मी डीएनएच्या रिपोर्टवर फारसं बोलतच नाही, तिथे माझं काही चालत नाही. मी पंचाला विचारते, पाकिटं किती होती, सील कोणी लावलं, सही उभ्याने केली की बसून, लाख कुठून आणली. आणि मुद्देमाल कारकुनाचं रजिस्टर मागवते, कारण जप्ती आणि लॅब यांच्या मधले दिवस पाकीट कोणाच्या ताब्यात होतं हे पुष्कळदा कोणालाच धड सांगता येत नाही. जमादारांनी सांगितलंय तसं वागलास तर मला तुझ्याकडून काही मिळणार नाही. फेऱ्यांचं म्हणशील तर समन्स आलं तरच जायचं, आणि ते यायला काही वर्षं लागतील, म्हणून पंचनाम्याचा फोटो काढून ठेवता आला तर बघ, नाहीतर आजच आठवतंय तसं वहीत उतरवून ठेव.

डोंबिवलीकर_निशांत:
भारी माहिती, सगळ्यांचे आभार. करतो सही. आता अजून एक, काका उद्या आल्यावर घरातल्या सगळ्यांचे ठसे घेणार म्हणे, काकू आत्ताच फोनवर वैतागल्यात की आम्ही काय चोर आहोत का.

माजी_जमादार:
काकूंना म्हणावं वैतागू नका, ते वगळण्यासाठी घेतात. कपाटावर पावडर मारली की निम्मे ठसे घरच्यांचेच निघतात, ते बाजूला काढले की जे उरतील ते नॅफिसवर, म्हणजे पोलिसांच्या देशभरातल्या ठशांच्या कॉम्प्युटर यंत्रणेवर टाकायचे. आणि तिथेही चोर आधी कधी पकडला गेला असेल तरच सापडणार, टीव्हीतल्यासारखं फोटोसकट नाव येत नाही लगेच. कामवाल्या मावशींना पण बोलवा उद्या, त्यांचे ठसे तर घरभर असणार.