मदत हवी आहे: ऑक्सिजनवर असलेल्या भावाला ओवाळायचं कसं?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ परळच्या एका हॉस्पिटलात ॲडमिट आहे. न्यूमोनिया, नाकाला ऑक्सिजनची नळी. परवा भाऊबीज. सिस्टरने स्पष्ट सांगितलंय, वॉर्डात काडीसुद्धा पेटवायची नाही. बरोबरच आहे तिचं, ऑक्सिजनजवळ ठिणगी म्हणजे जिवाशी खेळ.

पण मग औक्षण? आमच्याकडे आधी कुंकू-अक्षता, मग सुपारी आणि आईची सोन्याची अंगठी, शेवटी निरांजन. नुसत्या अंगठी-सुपारीने ओवाळलं तर चालेल ना? सेलवरचा दिवा मनाला पटत नाही. आईचं पितळी निरांजन, कडेला जरा चेपलेलं, मी कालच चिंचेने घासून ठेवलंय. ते न पेटवता, नुसती तुपात भिजवलेली फुलवात घालून तबकात ठेवू का?

भाऊ जवळ नसला की बायका चंद्राला ओवाळतात, तसं संध्याकाळी करावं असं जाऊबाई म्हणतात. पण भेटायची वेळ सहापर्यंत. द्वितीयेची कोर लवकर मावळते, लोकलच्या गर्दीतून भांडुपला पोचेपर्यंत ती दिसायची नाही. आणि माझा भाऊ तर डोळ्यांसमोर आहे, त्याला सोडून चंद्राला कशाला?

यमसुद्धा या दिवशी यमुनेच्या घरी जेवला होता. डॉक्टरांनी दोन चमचे बासुंदीला हो म्हटलंय, तेवढी नेणार आहे.

कोणी हॉस्पिटलात भाऊबीज केली असेल तर कशी केलीत, सांगाल का? उद्या रात्रीपर्यंत कळलं तर तबक तसं भरता येईल.