मदत हवी आहे : मुलांच्या ॲक्टिंग-मॉडेलिंग क्लासची फी परत मागताना मुद्दे कसे मांडावेत?

ऑडिशनमध्ये ‘तुमचं मूल सिलेक्ट झालं’ म्हणायचं आणि त्याच बैठकीत पूर्ण कोर्सची सही घ्यायची, हा नेहमीचा प्रकार. करारात मात्र बारीक अक्षरात ‘फक्त प्रशिक्षण, कामाची हमी नाही’ आणि ‘फी परत मिळणार नाही’. (काम मिळवून देणारा खरा एजंट मिळालेल्या कामातून कमिशन घेतो, आधी पैसे मागत नाही. इथे क्लास आणि एजन्सी मुद्दाम एकत्र केलेली असते.)

आता नेमकी अडचण. पावतीवर ‘पॅकेज’ एवढंच आहे. प्रवेश, पोर्टफोलिओ शूट (कामासाठी दाखवायच्या फोटोंचं शूटिंग), क्लास अशी फोड नाही. शूट झालंय, क्लास 24 पैकी 3 झालेत. शूटचा खर्च वजा करून उरलेल्या 21 तासिकांचे पैसे मागायचे, की कामाचं तोंडी आश्वासन खोटं होतं म्हणून सगळीच रक्कम? दुसऱ्या मागणीसाठी जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि काउन्सेलरचे व्हॉइस मेसेज पुरतात का?

निम्मी फी कार्डाने, निम्मी कर्जाच्या हप्त्यांवर आहे. हप्ते नुसते थांबवले तर कर्ज थकीत दिसतं, क्लास मात्र नामानिराळा राहतो. म्हणून कर्ज देणाऱ्या कंपनीलाही लेखी तक्रार द्यायचीच आहे. कार्डाच्या चार्जबॅकला (बँकेमार्फत कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत मागणं) मुदत असते, ती पैसे भरल्याच्या तारखेपासून की मुलाला क्लासला पाठवणं बंद केल्यापासून धरतात? आणि क्लासला नोटीस आधी पाठवावी की बँकेकडे अर्ज आधी? अशा करारांचा मसुदा पाहिलेल्या कोणी सांगितलं तर बरं होईल.