जोतिबाच्या यात्रेची मिनीडीव्ही टेप: सासनकाठ्यांना दाते का पडतात?

वाडीकर
२००४ च्या चैत्र यात्रेची कॅमेऱ्याची टेप, पाल (आपल्याकडचं टीव्हीचं मानक), फायरवायर केबलनं कॉम्प्युटरवर घेतली. फाईल ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. सासनकाठी स्थिर असली की झकास दिसते, नाचवायला लागले की कडेला कंगव्यासारखे दाते. एडिटिंगमध्ये मोठं करून १०८० ओळींचं केलं तर दात्यांचे जाड पट्टेच झाले. आधी काय करायचं, नंतर काय, तेवढं सांगा की.

खालचं_फील्ड
क्रम चुकलाय. एका फ्रेममध्ये १/५० सेकंदाच्या अंतरानं टिपलेली दोन फील्ड, म्हणजे अर्धी-अर्धी चित्रं असतात, एकाआड एक ओळीत. तेवढ्यात काठी सरकलेली असते, म्हणून दाते. मोठं करताना शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग फील्ड वेगळी निघत नाहीत. म्हणून मूळ फाईल आधी डीइंटरलेस करा, म्हणजे फील्ड सुटी करून पूर्ण फ्रेम बनवा, आकाराचं नंतर.

एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधला बीडब्ल्यूडिफ हा डीइंटरलेस फिल्टर लावा, प्रत्येक फील्डची एक फ्रेम, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम. २५ वर आणलंत तर निम्मी हालचाल गेली. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, ते हातानं निवडा. उलटं झालं तर काठी पुढं-मागं, पुढं-मागं थरथरते. एकेक फ्रेम सरकवून बघा, लगेच कळतं.

हलगी५०
आकारात पण फसाल. डीव्हीचे पिक्सेल चौरस नसतात. ४:३ ची टेप असेल तर १४४० × १०८० करा, दोन्ही बाजूंना २४० पिक्सेल काळं राहू दे. १९२० पर्यंत ताणलं की माणसं फुगतात. रंग बीटी ६०१ (जुन्या टीव्हीचं रंगमानक) मधून ७०९ (एचडीचं) मध्ये खरोखर बदलून घ्या, नुसतं लेबल बदलू नका. नाहीतर गुलालाची छटा सरकते.

वेळ असेल तर डीइंटरलेसला अ‍ॅव्हीसिंथ या सॉफ्टवेअरमधलं क्यूटीजीएमसी वापरा. लई संथ, पण देवळाच्या पायऱ्या आणि लुगड्याचे काठ लुकलुकतात ना, ते तेच शांत करतं.

वाडीकर
५० ची फाईल झाली, दाते गेले. पण रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकली की झटके.

खालचं_फील्ड
टाइमलाइन २५ वर असणार. क्लिप आणायच्या आधी नव्या प्रोजेक्टमध्ये ५० ठेवा. क्लिप आल्यावर प्रोजेक्टचा तो आकडा बदलू देत नाही. एक्सपोर्टही ५० प्रोग्रेसिव्हच, म्हणजे फील्ड नाहीत, पूर्ण फ्रेम.

आणि टेपवरनं घेतलेली मूळ एव्हीआय फाईल पुसू नका, तासाला १३ जीबी खात असली तरी. टेप परत चालवायचीच झाली तर आधी तिच्या खिडकीतून उजेडात बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. तशी टेप कॅमेऱ्यात घातली की टेप वाचणारं हेड घाण होतं आणि पुढची चांगली टेपही नासते.