ट्रेमधली रोपं लगेच लावू की पिशवीत वाढवू?

प्रश्न (भुसावळ, गच्चीवरची बाग)
नर्सरीतून मिरची, टोमॅटो आणि भरिताच्या वांग्याची रोपं आणलीत. कोकोपीटच्या ट्रेमधली, वीतभरही नाहीत. पहाटे अजून गारठा आहे आणि दुपारी गच्चीची फरशी पायाला चटका देते. थेट मोठ्या कुंडीत लावू का? मिरचीची खालची पानं फिकट पडायला लागलीत. रोज दोनदा वर जाऊन बघून येते, जीव लागून राहिलाय.

उत्तर (चोपडा, भाजीपाला शेती)
ताई, मोठ्या कुंडीत आत्ता नको, पण ट्रेमध्येही ठेवू नका. कोकोपीटमध्ये खत जवळजवळ नसतंच. नर्सरीवाले ते पाण्यातून देतात, घरी आणलं की बंद होतं. त्यामुळे खालची पानं फिकटतात. रोप आजारी नाही, उपाशी आहे.

पाच-सहा इंची काळ्या पिशव्या घ्या, तळाला भोकं असलेल्या. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी वाळू. नुसती आपली काळी माती भरू नका. ओली असली की चिकट, सुकली की तडकते आणि कोवळी मुळं तोडते. नदीकाठची गाळाची मिळाली तर सोनं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लावण्याआधी ट्रे पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. कोकोपीट एकदा कडक सुकलं की वरून ओतलेलं पाणी पीत नाही. बाहेरची माती ओली दिसते, आतला गड्डा ठणठणीत कोरडा असतो आणि रोप पाण्यात उभं राहून सुकतं. रोप खोड धरून ओढू नका, खालून बोटाने ढकला. मुळांची गुंडाळी झाली असेल तर तळाची हलक्या हाताने मोकळी करा. टोमॅटो खालच्या पानांपर्यंत खोल गाडा, खोडाला मुळं फुटतात. मिरची-वांगं मात्र ट्रेमध्ये होतं त्याच पातळीवर.

ही रोपं शेडनेटखाली वाढलेली, एकदम उन्हात ठेवली तर करपतील. आधी तीन-चार दिवस सावली, मग सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू वाढवत न्या. पिशव्या फरशीवर टेकवू नका, खाली फळी किंवा विटा. पाणी सकाळीच द्या. संध्याकाळचा ओलावा रात्रभर राहतो आणि रोप मानेतून कोलमडतं. आठवड्याने १९:१९:१९ (पाण्यात विरघळणारं नत्र-स्फुरद-पालाश खत) लिटरला एक ग्रॅम, तेवढं पुरे.

उत्तर (नंदुरबार)
मिरचीची पानं रोज उलटून बघा. कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी (डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड). आमच्याकडे मिरचीला चुरडामुरडा (पानं आकसण्याचा रोग) येतो तो बहुतेक रोपं लहान असतानाच, आणि विषाणूचा असला तर नंतर कितीही फवारा, ते झाड सुधरत नाही. पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा, पिवळे-निळे चिकट सापळे टांगा. पार आकसलेलं रोप दिसलं की उपटून लांब टाका, दया दाखवू नका.

प्रश्नकर्ती
खूप आभार. कुंडीत कधी हलवू? आणि वांग्याला उन्हाळ्यात भरिताजोगी फळं येतील का?

उत्तर (चोपडा)
पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावली की हलवा. थंडी शिवरात्रीला शिव शिव म्हणत जाते, त्यानंतर होळीपर्यंत रोपं कुंडीत बसलीच पाहिजेत. एप्रिलची झळ सोसायला मुळं आधी खोल जायला हवीत.

वांग्याचं खरं सांगते. बामणोदचं भरिताचं वांगं गाजतं ते थंडीतलं. पारा चाळिशीपार गेला की फूल गळतं. मिळतील ती चार फळं घ्या, मे महिनाभर दुपारी हिरवी नेट बांधा, मुळाशी पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा. पाऊस पडला की छाटणी करा, झाड पुन्हा फुटेल. पण भरितासाठी आषाढात नवी रोपं लावाच.