मदत हवी आहे: अभ्यासिकेच्या वायफायला प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड

मलप्रभाकाठ:
खानापुरातल्या अभ्यासिकेत चाळीसेक मुलं बसतात. वायफायचा पासवर्ड एकच, तो आता सगळ्या गल्लीला पाठ. म्हणून राउटरवर डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझ (प्रत्येकाला वेगळं लॉगिन देणारी सुरक्षा) निवडलं, जुन्या पीसीवर उबुंटू आणि फ्रीरेडियस (ही लॉगिन तपासणारा सर्व्हर) घातलं. पीसीवर रेडटेस्ट ही चाचणी चालवली की ॲक्सेस-ॲक्सेप्ट, म्हणजे 'लॉगिन मान्य', येतं, पण फोन नुसता फिरत राहतो. काय राहिलंय?

टिळकवाडी_नेट:
त्याच पीसीवरून तपासलंत, म्हणजे नाव-पासवर्ड बरोबर आहे एवढंच कळलं. राउटरची विनंती पोचते का ते बघा की आधी. सर्व्हिस थांबवा, 'सुडो फ्रीरेडियस -एक्स' चालवा (एक्स मोठ्या लिपीतला) आणि फोन जोडून बघा. 'अननोन क्लायंट' दिसलं, म्हणजे सर्व्हर राउटरला ओळखत नसला, तर क्लायंट्स.कॉन्फ फाइलीत राउटरचा आयपी आणि सीक्रेट (राउटर-सर्व्हरमधला पासवर्ड) घाला. राउटरवरही तेच सीक्रेट हवं. काहीच उमटलं नाही तर पीसीच्या फायरवॉलमध्ये यूडीपी १८१२ हा पोर्ट उघडा. दोन्हीकडचे आयपी पक्के करा, नाहीतर लाइट जाऊन आली की आयपी बदलणार आणि परत तेच रडगाणं.

मलप्रभाकाठ:
अननोन क्लायंटच होतं ओ. लॅपटॉप जोडला गेला. नवे अँड्रॉइड फोन मात्र 'डोमेन' मागतात. सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र) तपासूच नको असं फोनला सांगता येत नाही का?

निपाणी_नाका:
अँड्रॉइड ११ पासून बऱ्याच फोनांतून ती सोय गेली, आणि गेली ते बरंच. तपासणी नसेल तर कुणीही बाहेर त्याच नावाचं वायफाय लावून मुलांची लॉगिन गोळा करेल. फ्रीरेडियसच्या सर्ट्स फोल्डरात सर्व्हर.सीएनएफ उघडा. कॉमन नेम आणि ऑल्ट नेम्स, दोन्हीकडे डोमेनसारखं एकच नाव द्या. फोनमध्येही तेच लिहायचं. तिथे सर्टिफिकेटची मुदत ६० दिवसांची असते, ती वाढवा. सीए.सीएनएफमध्येही (सीए म्हणजे बाकी सर्टिफिकेटांवर सही करणारं मूळ सर्टिफिकेट) ती वाढवा, मग सर्टिफिकेटं नव्याने बनवा. नाहीतर दोन महिन्यांनी सगळे एकदम बाहेर! सीए फाइल फोनवर 'वायफाय सर्टिफिकेट' म्हणूनच घाला.

टिळकवाडी_नेट:
लॉगिनसाठी पीईएपी-एमएसचॅपव्ही२ ही नाव-पासवर्डची पद्धत वापरताय ना? मग सर्व्हरवर पासवर्ड जसाच्या तसा किंवा एनटी-हॅश या सांकेतिक स्वरूपातच ठेवावा लागतो, बीक्रिप्टसारखं दुसरं सांकेतिक स्वरूप चालत नाही. म्हणून त्या पीसीला मुलांचा हात लागू देऊ नका. एन्क्रिप्शन फक्त एईएस ठेवा. टीकेआयपी या जुन्या एन्क्रिप्शनवर वेग ५४ एमबीपीएसला अडकतो. पाहुण्यांसाठी सगळ्यांना एकच पासवर्ड असलेलं वेगळं नेटवर्क ठेवलंत तर डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. त्याचा ८ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो.