मदत हवी आहे: सिलिकॉन कार्बाइड कंपोझिटची प्लेट कापताना कडा उसवतायत

सीलवाला_पलूस

नमस्कार मंडळी,

पलूस एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. पंपांच्या मेकॅनिकल सीलसाठी (फिरत्या दांड्यापाशी गळती रोखणारा भाग) सिलिकॉन कार्बाइडच्या रिंगा ग्राइंड आणि लॅप (बारीक घासून सपाट) करून देतो. किर्लोस्करवाडी शेजारी असल्यामुळे या पट्ट्यात पंपाचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. दोन लाइट बँडच्या, म्हणजे मायक्रॉनहूनही कमी फरकाच्या, आत सपाटी देण्यात आमच्या पोरांचा हातखंडा आहे.

गेल्या महिन्यात बेंगळुरूच्या एका ग्राहकाने विचारलं: सिलिकॉन कार्बाइडच्या 3 मिमी जाडीच्या चार प्लेटा आहेत, त्यातून 10 मिमी रुंदीच्या चाचणीपट्ट्या कापून द्याल का? मटेरियल रोजचंच, डायमंड व्हील घरचंच, म्हणून लगेच हो म्हटलं. तिथंच चुकलो.

प्लेटा आल्यावर कळलं की हे सिरॅमिक मॅट्रिक्स कंपोझिट आहे. सिलिकॉन कार्बाइडच्याच धाग्यांचं कापड आणि त्यात भरलेलं सिलिकॉन कार्बाइड (मॅट्रिक्स). विमानाच्या इंजिनात सगळ्यात तापणाऱ्या जागी निकेलच्या मिश्रधातूऐवजी हे बसवतात. वजन जेमतेम एक तृतीयांश, आणि 1300 अंशांच्या आसपास टिकतं, त्यामुळे भाग थंड ठेवायला हवा कमी खर्ची पडते. 2016 पासून प्रवासी विमानांत उडणाऱ्या लीप इंजिनात टर्बाइनच्या पात्यांभोवतीचं श्राउड (कडं) याचंच आहे. हे वाचल्यापासून मला झोप नाही. असं काम पलूसच्या शेडमधून जावं, असं मनापासून वाटतं.

आता अडचण. रेझिन बाँडचं, 126 मायक्रॉन हिऱ्याच्या दाण्याचं व्हील, रिंगांना देतो तोच फीड (पुढे सरकवायचा वेग). वरची कड बरी येते, पण व्हील बाहेर पडतं त्या बाजूला धागे ओढले जातात आणि खालचा थर सुटतो. दुसरं म्हणजे कूलंटला आमचं नेहमीचं सोल्युबल ऑइल वापरलं. तेल आत मुरल्यामुळे ग्राहकाने पहिल्या प्लेटच्या सगळ्या पट्ट्या परत पाठवल्या. दुसरी प्लेट तेलातच अर्धी कापून पडली आहे, दोन कोऱ्या आहेत.

कोऱ्या प्लेटा कशा कापाव्यात? वायरकटला (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापायला) द्याव्यात का? आणि मुरलेलं तेल काढायला पट्ट्या भट्टीत 700 अंशांवर जाळल्या तर चालेल का? भट्टी मोकळी आहे, उद्याच लावणार होतो.

मिरजेचा_भट्टीकर

दादा, आधी शेवटचं: भट्टी लावू नका!

तुमची रिंग म्हणजे एकसंध दगड. या प्लेटची गंमत धाग्यावरच्या लेपात आहे. धागा 10 ते 15 मायक्रॉनचा, त्यावर बहुतेक वेळा बोरॉन नायट्राइडचा मायक्रॉनभराहून पातळ थर. तो मुद्दाम कमजोर ठेवतात. मॅट्रिक्सला तडा गेला की तो धाग्यापाशी येऊन वळतो, धागा सरकतो पण तुटत नाही, म्हणून भांडं फुटावं तसं हे एकदम फुटत नाही. कापल्यावर तोच थर कडेला उघडा पडतो. 700-800 अंशांवर हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा त्याच वाटेने आत शिरून तो खातात. त्याहून जास्त तापमानाला सिलिका, म्हणजे काचेसारखा थर, पटकन तयार होऊन कड बुजते, पण या मधल्या पट्ट्यात ती संथ असते. म्हणजे 1200 पेक्षा 700 घातक. तेल ॲसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक टाकीत धुवा, व्हॅक्यूममध्ये मंद वाळवा, आणि तेल कुठलं होतं ते ग्राहकाला लिहून कळवा. तरी ते नको म्हणाले तर वाद घालू नका.

वायरकट: वितळलेलं सिलिकॉन जिरवून केलेल्या प्रकारात थोडी वीज वाहते, तिथे जमतं. पण स्पार्कमुळे कडेला बारीक तडे राहतात. चाचणीपट्टीला नकोच.

कृष्णाकाठ

कापण्याबद्दल माझे चार शब्द. अशा प्लेटा मी पुण्यात कापल्या आहेत. खालून आधार नाही म्हणून थर सुटतोय. प्लेट दोन ॲल्युमिना टाइलांच्या मध्ये ठेवून क्लॅम्प करा आणि तिन्ही एकत्र कापा, म्हणजे व्हील बाहेर पडताना झटका खालच्या टाइलला बसेल. मेणाने चिकटवू नका, तेही प्लेटच्या बारीक भोकांत मुरतं. पातळ ब्लेड घ्या, वारंवार ड्रेस करा (धार ताजी करा). बोथट व्हील कापत नाही, ढकलतं. कट एका दमात न घेता थोडा थोडा उतरवा. कूलंट म्हणून फक्त डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी, टाकी आधी तेलमुक्त करून. आणि कापल्या दिवशीच वाळवा, त्या बोरॉन नायट्राइडला ओल सोसत नाही.

सीलवाला_पलूस

दोघांचे मनापासून आभार. भट्टीचं बटण थोडक्यात वाचलं. टाकी आज दोनदा धुतली, टाइला कुपवाडमधून मिळाल्या. तिसऱ्या प्लेटच्या कडेची पट्टी आधी कापली: बाहेर पडायच्या बाजूला धागे अजून किंचित दिसतात, पण थर सुटलेला नाही. भिंगाखालचा फोटो ग्राहकाला पाठवलाय. कृष्णाकाठ, तुमच्या ब्लेडची जाडी आणि ग्रिट (दाणा) कळवाल का? माझं 1 मिमीचं आहे, आणि चौथ्या प्लेटला हात लावण्याआधी ते बदलावं असं वाटतंय.