मदत हवी आहे: जांभ्याच्या जुन्या भिंतींना चुना की सिमेंट?

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आम्ही ठाण्याहून संगमेश्वर तालुक्यातल्या गावच्या घरी कायमचे राहायला जातोय. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, जांभ्याचे चिरे मातीत रचलेले, वर मंगलोरी कौलं. आठ वर्षं बंद होतं.

वासे-रीपा बदलायला सुतार मिळालाय. अडलंय ते भिंतींपाशी. माजघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. तो आता पोकळ वाजतो. एक पोपडा काढला तर आतला चिरा ओला, बोटाने भुगा होणारा. ओटीवर मात्र जुना चुन्याचा गिलावा आहे, ती भिंत कोरडी ठणठणीत! तरी गवंडी म्हणतो, सगळीकडे सिमेंटच करू, चुना कोण मळत बसणार? माझं मन घेत नाही. घर पुन्हा नांदतं व्हावं, पण त्याचा जीव कोंडून नको.

रत्नागिरीकडे चुन्याचं काम जाणणारा गवंडी कोणाच्या माहितीत आहे का? चुना किती दिवस मुरवावा, वाळूचं प्रमाण काय धरावं? आणि चौकटींच्या बुडाला वाळवी लागलीये, पण सारवलेली जमीन सासूबाईंना तशीच हवी आहे. त्यावर काय करता येईल? पावसाआधी पश्चिमेची भिंत तरी उरकायची आहे.